‘मानभावी’ या शब्दाचे काय करायचे?

गगनबावड्याला जुलै महिन्यात वर्ग घेणे ही एक वेगळीच शिस्त आहे. करूळ घाटाच्या तोंडावरचे हे गाव, कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस इथला. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पलीकडे पोहोचत नाही. अशा वेळी मी व्याख्यान थांबवतो आणि फळ्यावर लिहून शिकवता येईल असे काहीतरी काढतो. म्हणी आणि वाक्प्रचार त्यासाठी सोयीचे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मी फळ्यावर ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण लिहिली, शेजारी अर्थ लिहिला, खाली ‘मानभावी : ढोंगी, वरवर गोड बोलणारा’ असे लिहिले आणि मुलांना उतरवून घ्यायला सांगितले.

एका मुलीने लिहिले नाही. मी कारण विचारले तेव्हा ती काही बोलली नाही. तास संपल्यावर, पाऊस थोडा ओसरला असताना, ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “सर, आमच्या घरी दंडवत प्रणाम म्हणतात.”

एवढेच. तिचे कुटुंब मूळचे फलटणकडचे, वडिलांच्या नोकरीमुळे इकडे आलेले. तिला जे सांगायचे होते ते तिने एका अभिवादनात सांगितले होते. ‘दंडवत प्रणाम’ हे महानुभाव पंथीयांचे परस्परांना करायचे अभिवादन आहे. फलटण हे त्यांच्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणींचे स्थान. त्या मुलीच्या आजीच्या, आईच्या आणि कदाचित तिच्याही श्रद्धेचे नाव मी फळ्यावर ‘ढोंगी’ या अर्थासमोर लिहून ठेवले होते.

माझी खरी अडचण मात्र वेगळीच होती. त्याच वर्षी, त्याच वर्गाला, महिन्याभरापूर्वी मी ‘लीळाचरित्रा’विषयी सांगितले होते. मराठीतील पहिला ज्ञात गद्यग्रंथ, म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास सिद्ध केलेला, मराठी भाषेचे वैभव वगैरे. मी ते अभिमानाने सांगितले होते आणि खरेच सांगितले होते. पण ‘लीळाचरित्रा’तले महानुभाव आणि म्हणीतला मानभाव हे दोघे एकच आहेत, हे वर्गात सांगण्याची गरज मला तोवर कधी वाटली नव्हती. मला ते ठाऊक नव्हते असेही नाही. ठाऊक असून जोडले नव्हते. वाङ्मयेतिहासाच्या तासाला तो पंथ मराठीचा आद्य उपकारकर्ता, आणि व्याकरणाच्या तासाला तोच पंथ दांभिकतेचा नमुना. या दोन तासांच्या मधोमध एक जिवंत मुलगी वही मिटून बसली होती.

या लेखाचा विषय हा आहे की, एखाद्या श्रद्धावंत समाजाविषयी लोकांच्या मनात जी प्रतिमा तयार होते ती कशी होते, त्या समाजाने तिला कसे उत्तर द्यावे, आणि भाषेचा अभ्यास-अध्यापन करणाऱ्या आपल्यासारख्यांचे त्यात काय काम आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘महानुभाव’ म्हणजे ज्याचा अनुभव वा प्रभाव मोठा आहे असा. बोलण्यात त्याचे ‘मानभाव’ झाले. ही झाली केवळ ध्वनींची झीज, तिच्यात द्वेष नाही. पण ‘मानभाव’ला ‘ई’ जोडून जे विशेषण झाले त्याच्या अर्थाचा प्रवास ध्वनिनियमांनी सांगता येत नाही. तो समाजाच्या वागणुकीनेच सांगावा लागतो. मृदू बोलणारा, हिंसा टाळणारा, भिक्षेवर राहणारा, वेगळा वेश करणारा माणूस पाहिला की ‘हा आतून तसा नसणारच’ असे मानण्याची जी बहुसंख्यांची सवय असते, ती या विशेषणात गोठलेली आहे. लक्षात घेण्यासारखे असे की म्हणीतही मानभावाच्या ‘बोलण्या’ला कोणी नावे ठेवलेली नाहीत. त्याचे बोलणे सौम्य असते हे म्हण कबूलच करते. संशय आहे तो त्या सौम्यपणाच्या खरेपणाविषयी. म्हणजे ज्या गुणासाठी पंथ प्रसिद्ध होता तोच गुण त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. आणि त्याच म्हणीने जाता जाता कसाबालाही झोडपले आहे. पोटासाठी एक व्यवसाय करणारा माणूस हा क्रौर्याचे माप झाला. एका ओळीत दोन समाज निकालात निघाले आणि शतकानुशतके आपण ती ओळ मुलांकडून पाठ करून घेत आहोत.

अशी उदाहरणे महानुभावांपुरती नाहीत. ‘पाखंड’ हा शब्द घ्या. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता धर्मपंथ, आणि बाराव्या शिलालेखात तर सर्व पासंडांचा आदर करावा असा उपदेश आहे. पुढे त्याच शब्दाला वेदबाह्य, मग खोटा, मग ढोंगी असा उतार लागला. ‘लुच्चा’ हा शब्द केशलोच करणाऱ्या, म्हणजे लुंचित, जैन मुनींवरून आला असावा अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असेल तर कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने तो शब्द उच्चारताना क्षणभर थबकायला हवे, कारण या मुलखातल्या गावोगावी जैन वस्ती आहे. इंग्रजीत ‘जेझुइटिकल’ हे विशेषण कावेबाज, शब्दच्छल करणारा या अर्थाने चालते. आणि आपल्याकडे १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून मराठीची मनापासून स्तुती करणारा फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज आणि संघाने जेझुइट होता! त्याच्या मातृभाषेत त्याच्या संघाचे नाव ज्या अर्थाने रूढ झाले, जवळजवळ तोच अर्थ त्याने आपलीशी केलेल्या भाषेत महानुभावांच्या वाट्याला आला होता.

अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये स्थापन केलेल्या या चर्चच्या अनुयायांना ‘मॉर्मन’ हे नाव विरोधकांनी त्यांच्या ग्रंथावरून ठेवले. १८३८ मध्ये मिसूरी राज्याच्या गव्हर्नरने त्यांना राज्यातून हुसकून लावण्याचा, नाहीतर नष्ट करण्याचा आदेश काढला. तो औपचारिकपणे मागे घेतला गेला १९७६ साली. स्मिथला १८४४ मध्ये तुरुंगात असताना जमावाने ठार केले. त्यानंतर युटाकडे गेलेल्या या समाजाविषयी पूर्वेकडच्या शहरांत आणि युरोपात जे साहित्य निर्माण झाले ते बहुतांशी बहुपत्नीत्वाभोवती फिरणारे. मार्क ट्वेनने १८७२च्या ‘रफिंग इट’मध्ये त्यांच्या ग्रंथाची यथेच्छ टिंगल केली. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) हिच्यातला खलपक्ष मॉर्मनांचा आहे. कॉनन डॉयलने तोवर युटा पाहिलेलाही नव्हता. तो प्रत्यक्ष सॉल्ट लेक सिटीला गेला १९२३ मध्ये, आणि ज्यांना त्याने खुनशी रंगवले होते त्यांनीच त्याला आपल्या सभागृहात व्याख्यान देऊ दिले.

ही गोष्ट मी अशासाठी सांगतो की, कुठल्याही समाजाची प्रतिमा ही प्रामुख्याने न पाहिलेल्यांनी घडवलेली असते. डॉयलने युटा पाहिला नव्हता. मराठीत ‘मानभावी’ हे विशेषण वापरणाऱ्या शंभरांपैकी किती जणांनी महानुभावांचा मठ आतून पाहिलेला असेल? मी स्वतः तोवर पाहिला नव्हता.

आता महानुभावांविषयी हा संशय का निर्माण झाला, हे पाहू. त्याची काही कारणे पंथाच्या थोरवीत आहेत. चक्रधरांनी वेदप्रामाण्याचा आधार सोडला, जातिभेदाचे अवडंबर झुगारले, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. स्त्रियांच्या मासिक धर्माचा विटाळ मानण्याचे कारण नाही, तो शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, असे तेराव्या शतकात त्यांनी शिष्यांना सांगितल्याचे ‘लीळाचरित्र’ नोंदवते. महदाइसेसारखी प्रश्न विचारणारी शिष्या त्या ग्रंथात आहे, आणि तिच्या ‘धवळ्यां’मुळे ती मराठीची आद्य कवयित्री ठरते. नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्यांना संस्कृताऐवजी मराठीत लिहायला लावले, कारण संस्कृतामुळे आपल्यातल्या सामान्य स्त्रियांची वंचना होईल अशी त्यांची भूमिका होती. अशा पंथाला प्रस्थापितांनी प्रेमाने वागवले असते तरच नवल. इतर देवतांची उपासना न करण्याचा त्यांचा नियमही भोवतालच्या समाजाला खुपत राहिला. गावाचा देव न मानणारा माणूस गावाला आपला वाटत नाही.

याला एक स्थानिक बाजूही आहे. महानुभावांच्या ‘सूत्रपाठा’त साधकाने मातापूर आणि कोल्हापूर येथे जाऊ नये असा निर्देश आहे. ही देवतांची साभिमान, म्हणजे प्रबळ अभिमान असलेली स्थाने, तिथे साधकाच्या साधनेत विघ्न येते, असा त्यामागचा विचार. म्हणजे अंबाबाईच्या या मुलखाशी पंथाचे नाते मुळापासून दुराव्याचे. असे असूनही ते कुटुंब आज गगनबावड्यात राहते. इथल्या गडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि पिराचे स्थानही आहे, आणि दोन्हीकडे लोक जातात. श्रद्धांचे सहअस्तित्व या गावाला नवे नाही. नवे असेल तर ते भाषेला.

पण संशयाची सारीच कारणे बाहेरची होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंथाने आपल्यावर होणाऱ्या आघातांना जे उत्तर निवडले ते गुप्ततेचे होते. चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत ग्रंथ लिहिले जाऊ लागले. ग्रंथ अपवित्र हातांत पडू नयेत, परकीय धाडींत त्यांची विटंबना होऊ नये, पंथाचे रहस्य पंथातच राहावे, अशी कारणे सांगितली जातात. ती समजण्यासारखी आहेत. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्षदर्शींना विचारून ज्या आठवणी जमवल्या, आणि एकाच प्रसंगाचे निरनिराळ्या शिष्यांनी सांगितलेले पाठभेद ज्या प्रामाणिकपणे परंपरेने जपले, त्यांचे मोल पंथाला माहीत होते. मौल्यवान वस्तू माणूस कुलपात ठेवतोच.

मात्र कुलपाची एक किंमत असते. आत काय आहे हे बाहेरच्यांना कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची जागा ऐकीव गोष्टी घेतात. सहा शतके मराठी समाजाने महानुभावांचे ग्रंथ वाचले नाहीत, पण महानुभावांविषयी मत मात्र ठाम ठेवले. ग्रंथ बंद होते तेव्हा म्हणी मोकळ्या होत्या. पंथाच्या अंगी असलेला करुणाभाव, त्याची विलक्षण सूक्ष्म संवादशैली, चक्रधरांचे पशुपक्ष्यांविषयीचे ममत्व हे सारे सांकेतिक अक्षरांच्या आड राहिले, आणि बाहेर उरले ते काळे वस्त्र. तेवढ्यावर लोकांनी आपली कल्पना रचली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चित्र बदलले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९च्या आवृत्तीत महानुभाव ग्रंथकारांना विस्ताराने स्थान दिले. पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे अशा अभ्यासकांनी या वाङ्मयाची संपादने केली, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पण या इतिहासात आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. पोथ्या अभ्यासकांना आकाशातून मिळाल्या नाहीत. पंथातल्या काही महंतांनी आपली कपाटे उघडली, किल्ली हाती दिली, अडलेला शब्द समजावून सांगितला, तेव्हाच हे घडले. ज्यांनी तोवर शतकानुशतके टिंगल केली त्याच समाजातून आलेल्या माणसांच्या हाती आपले सर्वांत पवित्र धन सोपवणे, याला किती मोठा विश्वास लागला असेल! माझ्या मते लोकापवादाला या पंथाने दिलेले सर्वोत्तम उत्तर हेच. त्यांनी खंडनाचे पत्रक काढले त्याहून जास्त परिणाम पोथी दाखवण्याने झाला. मराठी गद्याचा इतिहास त्यामुळे नव्याने लिहावा लागला. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचा प्रारंभ झाला. विद्यापीठासाठी हे गाव निवडले गेले त्यामागे महानुभावांची पोथी आहे.

तथापि उघडे होण्याचेही प्रश्न असतात. डॉ. कोलते यांची ‘लीळाचरित्रा’ची बृहत् आवृत्ती १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यातील काही पाठांवर पंथातूनच तीव्र आक्षेप घेण्यात आले. कोलते यांनी आयुष्य या वाङ्मयाला वाहिले होते. त्यांच्याइतका पंथाचा वाङ्मयीन हितचिंतक विरळा. तरीही संशोधकाची संहिता आणि उपासकाची संहिता यांत अंतर पडले. संशोधकाला पाठभेद म्हणजे पुरावा, उपासकाला काही पाठभेद म्हणजे जखम. या वादात मी संशोधनाच्या बाजूचा आहे. हस्तलिखितांत जे आहे ते छापले गेलेच पाहिजे, आणि न पटणाऱ्या पाठाला उत्तर दुसऱ्या पाठाने, टिपेने, ग्रंथाने द्यावे. पण आक्षेप घेणाऱ्यांना असहिष्णू म्हणून मोकळे होणेही मला मान्य नाही. ज्या समाजाने सातशे वर्षे आपल्या नावाची विटंबना ऐकली आहे, तो बाहेरून आलेल्या प्रत्येक वाक्यात विटंबना शोधणारच. त्या हळवेपणाचे मूळ आपल्याच भाषेत आहे.

येथे मॉर्मनांकडे पुन्हा एकदा वळावेसे वाटते, कारण त्यांनी तीन निरनिराळी उत्तरे करून पाहिली आहेत. २०११ मध्ये ब्रॉडवेवर त्यांची खिल्ली उडवणारे ‘द बुक ऑफ मॉर्मन’ हे संगीत नाटक आले आणि गाजले. चर्चने त्यावर मोर्चे काढले नाहीत, बंदी मागितली नाही. पुढे त्या नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेतच त्यांनी जाहिराती दिल्या. नाटक पाहिलेत, आता ग्रंथही वाचा, असा त्यांचा आशय होता. त्याच सुमारास ‘मी मॉर्मन आहे’ असे सांगणाऱ्या साध्या माणसांच्या चित्रफिती त्यांनी ठिकठिकाणी दाखवल्या. तिसरे उत्तर याच्या उलट दिशेचे. २०१८ मध्ये चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये, चर्चचे पूर्ण नाव घ्यावे, असे आवाहन केले, आणि त्यांच्या प्रसिद्ध गायकवृंदाचे नावही बदलले.

पहिले उत्तर विनोदाचे, दुसरे ओळखीचे, तिसरे नाव नाकारण्याचे. मला पहिली दोन जास्त भावतात. नाव नाकारल्याने नावामागची प्रतिमा जात नाही, ती नव्या नावाला येऊन चिकटते. पण हे मी बाहेर बसून सांगतो आहे याची मला जाणीव आहे. आपले नाव काय असावे हे ठरवण्याचा पहिला हक्क ते नाव धारण करणाऱ्याचा. महानुभावांतही ‘परमार्ग’, ‘भटमार्ग’ ही नावे आहेतच, आणि पंजाबात हाच पंथ ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला जातो. तिथे ‘मानभावी’ या शब्दाचा डाग नाही, कारण तिथे मराठी नाही.

आणखी एक भेद स्पष्ट करायला हवा. टीका आणि कलंक या एक गोष्टी नव्हेत. मॉर्मन चर्चने १९७८पर्यंत कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारले होते. त्यावर टीका झाली ती योग्यच होती, आणि त्या टीकेचा बदलात वाटाही असेल. महानुभावांच्या कठोर संन्यासधर्मावर, इतर दैवतांविषयीच्या भूमिकेवर, ग्रंथ झाकून ठेवण्याच्या परंपरेवर कोणी युक्तिवादाने टीका करील तर तिला उत्तर देता येते. टीका एखाद्या विधानावर किंवा आचारावर असते, तिला संदर्भ असतो, ती चुकीची ठरवता येते. कलंकाला यातले काहीच नसते. ‘मानभावी’ या विशेषणाला कोणी कसे खोडून काढणार? मृदू बोलून? तेच तर त्याचे लक्षण ठरवून ठेवले आहे. म्हणून कलंकाच्या बाबतीत ‘तुम्ही उत्तर द्या’ असे त्या समाजाला सांगणे अपुरे आहे. जो बोलेल त्याच्याच बोलण्यावर ज्या शब्दाने आधीच अविश्वास पेरून ठेवला आहे, त्या शब्दाची जबाबदारी तो वापरणाऱ्यांनी उचलली पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो भाषाशास्त्राच्या शिक्षकांकडूनच येईल. शब्द वापरताना त्याची व्युत्पत्ती कोणाच्या मनात नसते. आज ‘मानभावी’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात कुठलाही पंथ नसतो. मग मेलेल्या अर्थाला जिवंत करून वाद का ओढवून घ्यायचा? आक्षेप वजनदार आहे. शब्दांवर बंदी घालणे मलाही मान्य नाही, आणि कोशातून शब्द गाळणे हा तर इतिहासाचा खून. कोशाने अर्थ नोंदवलाच पाहिजे. पण तो अर्थ कोणासाठी मेला आहे, हा प्रश्न राहतोच. वापरणाऱ्यासाठी मेला असेल. ज्याला तो लागू होतो त्याच्यासाठी तो दर वेळी नव्याने जन्मतो. माझ्या वर्गातल्या पस्तीस-चाळीस मुलांसाठी तो शब्द फळ्यावरची एक ओळ होता. एका मुलीसाठी तिची आजी होती.

मी त्या आजींना भेटायला गेलो. दिलगिरी व्यक्त करावी असे मनात होते. घरात एका कोनाड्यात पोथी कापडात बांधून ठेवलेली, समोर स्वच्छ सारवलेली जागा. मी “दंडवत प्रणाम” म्हणालो तेव्हा त्या हसल्या, बहुधा माझ्या उच्चारातल्या अवघडलेपणाला. मी झालेली हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, “अवो सर, नाव ठेवणाऱ्यानं ठेवलं. आमी त्याच्या मागं कुठं फिरायचं? आमच्या लगनात गावातल्या बाया म्हनायच्या, मानभावाची सून आनली. आता कोन म्हनत न्हाई. तुमी च्या घ्या.”

मग मुलीकडे पाहून म्हणाल्या, “आन पोरी, परीक्षेत आलं तर लिवून टाक की. मार्क कशाला घालवायचं?”

मुलगी म्हणाली, “पण आज्जी, मी माझ्या हातानं लिहू?”

या प्रश्नाला आजींकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. एका पिढीने सोसून, दुर्लक्ष करून, चहा पाजून उत्तर दिले होते. तेही एक उत्तरच आहे आणि त्यात मोठी ताकद आहे. पण पुढच्या पिढीला शाळेत घालून आपण तिच्याच हाताने तिच्या घराची व्याख्या लिहून घेतो, आणि बरोबर लिहिली तर एक गुण देतो. आजींच्या सहनशीलतेवर ही व्यवस्था चालवणे मला योग्य वाटत नाही.

मग करायचे काय? मोठे काही सुचवण्याचा माझा अधिकार नाही. शिक्षक म्हणून जे हातात आहे तेवढे सांगतो. ‘लीळाचरित्र’ आणि ‘मानभावी’ हे दोन्ही एकाच तासाला शिकवावेत. म्हण गाळू नये, तिचा इतिहास सांगावा. तिच्यात कोण कोणाला हिणवते आहे, का हिणवते आहे आणि ज्याला हिणवले त्याने त्या काळात काय लिहून ठेवले होते, हे मुलांना कळू द्यावे. भाषा म्हणजे केवळ वैभव नव्हे, ती समाजाने केलेल्या अन्यायांची नोंदवहीही आहे, हे अकरावी-बारावीच्या मुलांना समजते. आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर समजते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘अर्थ लिहा’ याच्या जोडीला ‘हा अर्थ कसा आला ते लिहा’ असे विचारावे. आणि आपल्या स्वतःच्या लेखनात दांभिक माणसासाठी ‘दांभिक’ हा शब्द पुरेसा आहे, हे लक्षात ठेवावे. समीक्षेत ‘मानभावी’ हे विशेषण आपण किती सहजपणे वापरतो! माझ्या जुन्या लेखांत मला ते तीन ठिकाणी सापडले.

महानुभाव समाजाकडे माझी मागणी काही नाही, विनंती आहे. तुमच्या पूर्वसुरींनी कपाटे उघडली तशी तुम्ही दारे उघडी ठेवा. आमच्या चुका दाखवा, न पटणाऱ्या संपादनाला दुसऱ्या संपादनाने उत्तर द्या, आणि जमल्यास थोडे हसाही. जो समाज आपल्यावरच्या विनोदाला आपल्या ग्रंथाचे आमंत्रण देऊन उत्तर देऊ शकतो, त्याला कोणतेही विशेषण फार काळ बांधून ठेवू शकत नाही. पण हे कराल की नाही हा तुमचा प्रश्न. तुम्ही ते केले नाही तरी आमची जबाबदारी कमी होत नाही.

गगनबावडा हे रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचे ठिकाण. ‘आज्ञापत्रा’सारखे राजनीतीचे सडेतोड गद्य त्या नावाशी जोडलेले आहे, आणि आम्ही ते इथे अर्थातच अभिमानाने शिकवतो. ज्यांच्यामुळे मराठी गद्याची परंपरा त्याहून चार शतके मागे जाते त्यांचे नाव त्याच गावातल्या वर्गात शिवी म्हणून उतरवून घेतले जाऊ नये, एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

सहामाही परीक्षेत मी तो शब्द मुद्दाम विचारला. त्या मुलीने लिहिले होते, ‘मानभावी : ढोंगी. हा अर्थ एका पंथाचे नाव बदनाम होऊन रूढ झाला. त्या पंथाने मराठीतले पहिले गद्य लिहिले.’ मी पूर्ण गुण दिले. वार्षिक परीक्षेत उत्तरपत्रिका तपासायला दुसरे कोणी असते. तिथे काय करायचे हे तिने मला विचारले नाही, आणि मीही काही सुचवले नाही.